पेशंटचं स्टूल

"…पण सर, ही माणसं खोटं का बोलतात?"

रेगे सर चष्मा पुसत होते. पुसतच राहिले.

प्रश्न सौमित्र गुळवणीचा होता. एमबीबीएसला सुवर्णपदक घेऊन तो त्वचा आणि गुप्तरोग विभागात पुढचं शिकायला आला होता. आल्यापासून दारातून शिरणाऱ्या पेशंटचं निदान तो पेशंट बसायच्या आत करून मोकळा होत असे. बहुतेक वेळा ते बरोबरही निघे. पंचाईत तीच होती.

आणि ज्याच्याबद्दल तो बोलत होता तो माणूस समोर स्टुलावर बसून ऐकत होता.

हणमंत खिलारे. विटांचा ट्रक चालवणारा, तिशीचा गडी. दोन्ही तळहातांवर तांबूस डाग. खाज नाही, दुखणं नाही. भोवती एमबीबीएसची पोरंपोरी पांढरे कोट घालून कोंडाळं करून उभी.

"सिफिलिस," असं सौमित्रनं त्याच्या देखतच जाहीर केलं होतं. रक्ताचा रिपोर्टही तेच म्हणत होता. मग वर्गात विचारावं तशा आवाजात त्यानं विचारलं होतं, "बायकोशिवाय आणखी कुणाशी संबंध आला? कधी?"

"नाय सायेब. तसलं काय नाय. केबिनात बसून हीट झालीया."

"खरं सांगा."

"द्येवाशपथ."

"बायकोलाही तपासावं लागेल."

"पाचवा म्हैना चालू हाय तिला. तिचं नाव कशाला काढता हितं?" हणमंतानं दोन्ही मुठी मिटून घेतल्या. "मलम द्या. जातो मी."

इथं गाडी अडली होती. मलमानं काही होणार नव्हतं. आजार बायकोला लागला असेल तर तो पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. वेळेवर इंजेक्शन मिळालं तर नवराबायको बरे होतात आणि बाळही वाचतं. पण हा एकदा फाटकाबाहेर पडला की परत यायचा नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं. सौमित्रलाही दिसत होतं. त्याचा जीव त्या बाळासाठी खरंच टांगणीला लागला होता. पोरगा मनानं वाईट नव्हता, नुसता हुशार होता.

"सांगा ना सर. का खोटं बोलतात?"

…

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"खिलारे, जरा उठता? इथं बसा, माझ्या खुर्चीत."

हणमंत बावरून उठला आणि विभागप्रमुखांच्या गादीच्या खुर्चीत कडेला टेकला.

"सौमित्र, तू स्टुलावर."

"मी?"

"तू."

सौमित्र बसला. स्टूल बुटकं होतं. भोवतालचे पांढरे कोट एकदम उंच झाले.

"नाव?" सरांनी विचारलं. आवाज हुबेहूब सौमित्रचाच, वर्गातला, खणखणीत.

"सौमित्र गुळवणी."

"लग्न?"

"नाही सर."

"मग कुणाशी संबंध आला? कधी?"

मागं कुणीतरी खोकलं. सौमित्रचे कान लालबुंद झाले.

"न… नाही, सर."

"खरं सांगा."

"शपथ, सर…"

…

पहिलं हसू फुटलं ते खुर्चीतून.

"आवो मोठं सायेब, सोडा की त्या पोराला!" हणमंत पुढं सरकला होता. "एवढी मानसं हुबी, त्यात पोरी हुब्या, आन तुमी इचारताय कुनासंगं निजला. कोन सांगंल? आमी डायवर लोक बी असं इचारत नाय. शेजारी बसावं, तंबाखू मळावी, मग कवातरी त्वांडातनं निघतं."

"मग तुम्हीच विचारा," सर म्हणाले.

"मी?"

"खुर्चीत तुम्ही आहात."

आता पोरंपोरी मोकळेपणी हसली. सौमित्रलाही हसू आलं, आणि हसल्यावर त्याला फार बरं वाटलं.

हणमंतानं खोलीवर नजर फिरवली आणि मान हलवली. "हितं न्हाय जमायचं. चल बाळा, च्या पिऊ."

आणि त्यानं सुवर्णपदकाला दंडाला धरून बाहेर नेलं.

फाटकाजवळच्या चहाच्या गाड्यावर त्यांचं काय बोलणं झालं, ते त्या दोघांचं. आपण त्यात नाक खुपसायचं कारण नाही. एवढंच सांगतो, की आधी बोलला सौमित्र. आजवर कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट त्यानं एका ट्रक ड्रायव्हरला सांगून टाकली.

"हात्तिच्या! एवढंच?" हणमंत म्हणाला.

मग हातातला ग्लास खाली ठेवून तो बोलायला लागला. त्याची गोष्ट हसण्यासारखी नव्हती. सौमित्रनं ती मधे एकदाही न तोडता ऐकली. शेवटी त्यानं एकच विचारलं.

"घरी कसं सांगाल?"

हणमंताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

दोघं परतले. हणमंत इंजेक्शन घेऊन लंगडत घरी गेला. पोरांनी सौमित्रला घेरलं.

"काय सांगितलं त्यानं? सांग ना!"

"चहा फार गोड होता," सौमित्र म्हणाला.

सरांनी मात्र काहीच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत पेशंट तपासताना सौमित्रचं कामात लक्ष नव्हतं. दर थोड्या वेळानं तो खिडकीतून फाटकाकडं बघे. दुपार व्हायला आली. त्याला वाटलं, संपलं…

आणि हणमंत आला. मागं डोक्यावरून पदर घेतलेली त्याची बायको, मंगल.

"सांगितलं सायेब," तो दारातच हळू म्हणाला. "रातभर बोलली नाय. सकाळी तीच म्हनली, चला."

"ह्येंना भाईर बसवा," मंगल म्हणाली.

हणमंत मुकाट्यानं बाहेर जाऊन बसला.

मंगलनं पोटावर हात ठेवला. "माजं बाळ…"

"त्याच्यासाठीच बोलावलं, ताई. आज तुमचं रक्त तपासू. आजार निघाला तर लगेच इंजेक्शन देऊ. तुम्ही वेळेत आलात. बाळाला सांभाळता येईल."

तिनं मोठा श्वास सोडला. "एक इचारू का…"

तेवढ्यात दार उघडलं. रोजच्यासारखे रेगे सर आत आले, मागं पांढऱ्या कोटांची सगळी फौज. मंगलचा पदर तोंडावर गेला. बोलणं थांबलं.

सौमित्र उठून उभा राहिला.

"सर… जरा बाहेर थांबता?"

रेगे सरांना त्यांच्याच खोलीतून बाहेर जा म्हणणारा माणूस त्या विभागात अजून जन्मला नव्हता. मागच्या पोरांनी श्वास रोखले.

सरांनी त्याच्याकडं पाहिलं. मंगलकडं पाहिलं.

मग ते वळले. सगळी फौजही वळली. दार अगदी हलक्या हातानं बंद झालं.

मंगलनं पदर खाली घेतला. जे विचारायचं होतं ते सगळं विचारलं. सौमित्रनं उत्तरं दिली. एकाचं येत नव्हतं, तेव्हा येत नाही म्हणाला.

शेवटी तिनं विचारलं, "काल ह्येंना इंजेक्शन दिलं न्हवं? दुखलं का त्येंना?"

"खूप."

"बरं झालं," मंगल म्हणाली, आणि खुदकन हसली. सौमित्रही हसला.

बाहेर व्हरांड्यात लोखंडे सिस्टरांचा आवाज चढला. "अगंबाई, सर! तुम्ही असे पेशंटच्या बाकावर? आणि ही सगळी पोरं? आत चाललंय तरी काय?"

"हळू बोला, सिस्टर," रेगे सरांचा खुशीतला आवाज दाराआडून ऐकू आला. "आत डॉक्टर आहेत."