नावाचं टोक

"असं कसं होईल, बुवा? मी केबल धरली की काटा खाली, सोडली की वर?"

शार्दूलनं तिसऱ्यांदा विचारलं. बुवा नुसते हसले.

बुवा पूर्वी जहाजावर वायरलेस सांभाळायचे. पुढं घरदार सोडून घाटमाथ्यावरच्या मठीत येऊन राहिले. रेडिओ तेवढा काही सुटला नाही. हौशी रेडिओवाले अडले की चढ चढून त्यांच्याकडंच यायचे.

शार्दूल खरं तर दाखवायला आला होता. घरी बनवलेली अँटेना, ॲल्युमिनियमच्या दोन नळ्या, आणि एकीच्या टोकावर स्वतःचं नाव कोरलेलं. दहाला घाटाखालून बचाव पथकाच्या शमीमताई हाक देणार होत्या. बोलणं नीट झालं तर पथकाच्या खांबावर हीच अँटेना चढणार, नाही तर विकतची. स्वारीचा पाय सकाळपासून जमिनीवर ठरत नव्हता.

बुवा पारावर माइकचं बटण दाबून बसले होते. शेजारी मीटर. पाठवलेली शक्ती अँटेनेत न जाता परत फिरली की त्याचा काटा चढतो, एवढं साधं गणित.

"बघा, टेकला तळाला. माझ्या हाताला गुणच आहे, बुवा."

"सोड."

काटा सरसर वर.

"धर."

पुन्हा तळाला.

"मीटर बिघडलं असेल…"

"तुझी अँटेना कुठं संपते रे?"

"इथं. केबलच्या जोडापाशी."

बुवा उठले. त्याच्या छातीवर बोट टेकवून म्हणाले, "इथं संपते."

शार्दूलनं मान खाली घालून छातीवरच्या बोटाकडं पाहिलं.

"शक्ती केबलच्या बाहेरच्या अंगावरून खाली उतरतेय. तू धरलीस की तुझ्यात शिरते. नळ्या मापानं कापताना केबल हातातच होती ना?"

"होती."

"मग माप जुळलंय ते तुझ्यासकट."

त्यांनी प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा घेतला. जोडाच्या अगदी खाली केबलचे घट्ट वेढे त्यावर घातले, चिकटपट्टी लावली.

"हा चोक. आतली वाट मोकळी, बाहेरची बंद."

बटण दाबलं. काटा आधीपेक्षाही वर.

शार्दूलनं मीटरवर टिचकी मारून पाहिली. "बिघडवलीत की, बुवा. दहा वाजत आले."

"नळ्या लांब आहेत. दोन्हीकडून बोटभर काप."

"पण… टोकावर माझं नाव आहे."

बुवांनी करवत पुढं केली.

शार्दूलनं एकदा करवतीकडं पाहिलं, एकदा घड्याळाकडं. मग कापलंच. नावाचा तुकडा गवतात पडला.

काटा खाली आला. त्यानं केबल धरली. काटा तिथंच. सोडली. तिथंच. पाराला वळसा घालून आला, झाडामागं जाऊन डोकावला, तरी तिथंच. त्याला हसूच आवरेना.

तेवढ्यात रेडिओ खरखरला.

"शार्दूल, शमीम बोलतेय. अरे, शेजारी बसून बोलल्यासारखा ऐकू येशील म्हणाला होतास. बोल की."

त्यानं माइक हिसकावूनच घेतला. "बोलतोय, ताई. येतंय का?"

"अगदी स्वच्छ. डोंगर मधे आहे असं वाटतच नाही. हीच चढवू आपण खांबावर."

त्याचे डोळे भरून आले. शब्द एकमेकांवर आदळायला लागले.

"ताई, मी पण येतो हां. पथक निघालं की मला बोलवा. रात्र असो, पाऊस असो, मी खांबापाशीच उभा राहीन. मी नसलो तर ही अँटेना…"

बुवांनी त्याच्या हातातला माइक हळूच काढून घेतला.

"मग वेढे कशाला घातले, लेका?"