येतो म्हणणाऱ्यांची खिंड

एका राज्यात सगळं होतं, फक्त नवरे नव्हते. ते सगळे वर, ढगांच्याही वर, बर्फाच्या खिंडीत शेजारच्या राजाशी लढत होते. त्या खिंडीत गवत उगवत नव्हतं, चूल पेटत नव्हती. पण दोन्ही राजांना ती हवी म्हणजे हवीच.

तिथं एक जादूगार तपाला बसला होता. नगाऱ्यांनी त्याची समाधी मोडली. तो म्हणाला, "या खिंडीत जो जे बोलेल, ते त्याला करावंच लागेल." एवढं बोलून तो दुसरा डोंगर बघायला निघून गेला. राजे हसले. हा कसला शाप, म्हणाले.

तेव्हापासून लढाई संपेना. सांजेला सैन्यं खाली तळावर उतरत आणि पहाटे पाय आपोआप वर चढत. वरची थंडीही जादूची. तिनं शिपायांचे पाय दगडाचे होऊ लागले. भिवराचा नवरा राणोजी गुडघ्यापर्यंत दगड झाला, असा निरोप आला. दगड छातीला भिडला की माणूस संपला, हे भिवराला कुणी सांगायला नको होतं. तिनं पदर खोचला आणि डोंगर चढली.

"तू कशाला आलीस?" राणोजीनं विचारलं.

"तुमची मूर्ती बसवायला आपल्याकडं देऊळ नाही. चला."

आधी तिनं त्याला ओढत खाली आणलं. पहाटे त्याचे पाय ठक ठक वाजत वर निघाले, मागून ही शिव्या देत. मग तिनं त्याला देवदाराला बांधलं. तो देवदार उपटून घेऊन वर गेला, आणि सरपण आणलं म्हणून सेनापतीनं त्याची पाठ थोपटली. तिसऱ्या खेपेला ती खडकावर नुसती बसून राहिली. सांजेचं शिंग वाजलं. दोन्हीकडचे शिपाई निघाले, आणि निघताना प्रत्येकजण, आईनं शिकवलं तसं, समोरच्या वैऱ्याला म्हणाला, "बरं, येतो."

भिवरानं कपाळावर हात मारला.

शेजारी बसलेला कावळा म्हणाला, "मी हे रोज ओरडून सांगतो. पण मी ओरडलो की ह्यांना वाटतं, पाहुणे येणार."

भिवरानं सगळ्यांना थांबवून बजावलं, येतो नाही, जातो म्हणा. दोन्ही सैन्यांनी कानांवर हात ठेवले. जातो म्हणणं म्हणजे मरण तोंडानं मागणं. खुद्द महाराज पुढं आले. "बाई, अभद्र बोलू नका."

"महाराज, स्वतःच्या मांडीवर टिचकी मारून बघा."

महाराजांनी मारली. खण्ण वाजलं. तरी ते म्हणाले, आधी त्या राजानं म्हणावं. तो राजा म्हणाला, आधी ह्यांनी. राणोजीचा दगड एव्हाना कमरेपर्यंत चढला होता. भिवराच उठली.

"मी जाते," ती मोठ्यानं म्हणाली, "घरी."

ती मेली नाही. तिचे पाय तेवढे उताराला लागले. राणोजीनं डोळे मिटले आणि म्हणाला, "मीही घरी जातो." त्याच्या पायांवरचा दगड अंड्याच्या कवचासारखा फुटून पडला. मग "घरी जातो, घरी जातो" म्हणत दोन्ही सैन्यं आपापल्या बाजूला धावत सुटली. पालख्या उचलायला कुणी उरलं नाही, तेव्हा दोन्ही राजे एकमेकांकडं न बघता तेच पुटपुटले. खिंड कावळ्याला राहिली.

राज्यात नवरे आले, चुलींवर भाताची भांडी मोठी चढली. राणोजी ऊन पाण्यात पाय सोडून बसला आणि म्हणाला, आता पुन्हा लढाईला जाणार नाही.

पण हे तो खिंडीत बोलला नव्हता. म्हणून भिवरानं त्याचा भाला चुलीत घातला आणि त्यावर भाकरी टाकली.