ओलीखालची वाळू

एका नदीकाठच्या गावात एक गाडीवान राहायचा. बैलगाडीतून वाळू वाहायची, हाच त्याचा धंदा. उन्हाळ्यात नदी दिसेनाशी झाली की बायका कोरड्या पात्रात उकरून झिरा करायच्या आणि वाटीवाटीनं गोड पाणी भरायच्या. म्हणून गावाचा दंडक होता, फावड्याला ओल लागली की वाळू काढणं बंद.

पेठेतल्या एका शेठनं माडी बांधायला काढली. तो म्हणाला, "वरची वाळू मातकट आहे रे. ओलीखालची दे, टपोरी! बैलांची वर्षाची पेंड माझ्याकडून."

"गाव मला जिता सोडायचं नाही, शेठ."

"अरे, पुराबरोबर पुन्हा येतेच की वाळू!"

बैलांच्या बरगड्या दिसत होत्या. एका रात्री गाडीवानानं ओलीखाली फावडं घातलं. बघता बघता खड्डा पाण्यानं भरला.

सकाळी गाव जमलं. आता मार बसणार म्हणून तो अंग चोरून उभा राहिला. पण पाटील ओरडले, "लेको, हा तर जमिनीतलं पाणी हुडकणारा पाणाड्या निघाला! वाटीनं भरत होतो, आता घागर बुडतेय!"

त्यांनी त्याला फेटा बांधला. पाणी वाढलेलं नाही, नुसतं उघडं पडलंय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बोलायची वेळ तीच होती. पण डोक्यावरचा फेटा मऊ लागत होता. तो गप्प राहिला.

मग काय, ज्याच्या हाती फावडं तो पाणाड्या! सगळं पात्र खणून झालं, दारोदार वाळूचे ढीग लागले.

मधल्या पुरानं वाळू काही परत आणली नाही. पुढच्या उन्हाळ्यात उघडं पाणी उन्हानं पिऊन टाकलं. काठच्या विहिरीही तळाला गेल्या.

"पाणाड्या, कुठाय पाणी?" पाटलांनी विचारलं.

तेव्हा त्यानं खरं सांगितलं. पाटील चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "फेटा बांधताना का नाही बोललास?"

लोकांनी दारातले वाळूचे ढीग पुन्हा नदीत नेऊन ओतले. पहिल्याच पुरानं ते वाहून नेले. पाणी आलं तसं निघून गेलं. त्याला धरून ठेवायला पात्रात काही उरलंच नव्हतं.

पाण्यावाचून गाव उठलं, घरं सोडून निघालं. गाडीवानाच्या बायकोनं भरल्या गाडीतलं फावडं काढून खाली टाकलं. "हे इथंच राहू द्या."

त्यानं ते उचलून पुन्हा गाडीत ठेवलं. "दुसरं काय येतं मला?" म्हणाला, आणि ज्या गावाच्या नदीत अजून वाळू होती, तिकडे बैल वळवले.

तात्पर्य काय, तर नदी आपलं पाणी वाळूच्या पोटात राखते. ते पोट फाडणारा आणि ठाऊक असून गप्प बसणारा, दोघांच्या हातून गाव सारखंच बुडतं.