बारावी वही

एकदा एका विद्यापीठात गणिती भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या वृद्ध प्राध्यापकांनी वर्गाला एक प्रश्न दिला: ताणलेली तार छेडली, तर तिच्या कंपनांची एकूण ऊर्जा किती? प्रश्नाखाली त्यांनी उत्तरही छापून दिले होते. आठवड्याने बारापैकी अकरा विद्यार्थ्यांनी नेमके तेच उत्तर आल्याचे सांगत वह्या दिल्या.

बारावी विद्यार्थिनी मात्र चार दिवस त्याच आकडेमोडीत अडकली होती. छापील उत्तर उणे, आणि तिचे दर वेळी अधिक. मैत्रीण म्हणाली, "अगं, मधेच कुठेतरी चिन्ह फिरव आणि मोकळी हो. आम्ही काय वेगळं केलंय?" खरे तर तिलाही तेच करायचे होते, पण कोणत्या ओळीत फिरवावे, हेच सुचेना.

शेवटी प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लिहून ती सरांकडे गेली. "सर, हा विषय माझ्या आवाक्यातला नाही. सही द्या."

सरांनी अर्ज बाजूला सारला आणि वही मागितली. अकरा वह्या त्यांनी न उघडताच दोरीने बांधून ठेवल्या होत्या. हिची मात्र ओळ न् ओळ वाचली.

"उत्तर चुकलंय," ते म्हणाले.

"तेच तर सांगतेय, सर!"

"पण छापलेलंही चूक आहे. मी मुद्दामच चुकवलं. तार कशीही छेडा, तिची ऊर्जा शून्याखाली कशी जाईल? तुझं चिन्ह बरोबर आहे, फक्त उत्तर दुप्पट आलंय."

"म्हणजे त्यांचंही चूक, माझंही चूक. मग वाचलीत ती माझीच वही का?"

"कारण तुझी चूक मला सापडली. त्यांची त्यांनाही सापडायची नाही. ती त्यांनी स्वतःच झाकली आहे. उत्तर आधी धरून बसलेला माणूस गणित करत नाही, सजावट करतो. चुकणाऱ्याला मी शिकवू शकतो. झाकणाऱ्याला कुठून सुरुवात करून शिकवू?"

मुलगी ओशाळली. "सर, खरं सांगू? मी काही फार प्रामाणिक वगैरे नाही. मला झाकायला जागाच मिळाली नाही."

सर खळखळून हसले. "अगं, पायऱ्या इतक्या घट्ट मांडल्यास, की खोट्याला शिरायला फट उरली नाही. तेच शिकवण्याचा मला पगार मिळतो!"

वही पुढे ओढत तिने विचारले, "कितव्या ओळीत चुकलंय?"

"ते मी सांगितलं तर तुला काय मजा?"

ती खुर्ची ओढून तिथेच बसली आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागली.

मुलांची वही उघडली की आपली नजर आधी शेवटच्या ओळीवर जाते, निदान माझी तरी जाते; ती पहिल्या ओळीपासून खाली आणायला शिकले पाहिजे.