शंभर जणांचे ठोके

“मग पाऱ्याचं यंत्र आता टाकून द्यायचं म्हणतोस?” लतीफबाबांनी विचारलं.

“होय बाबा. काय उपयोग त्याचा?” डॉक्टर हेरंब म्हणाला.

भर दुपार होती. दर्ग्याच्या ओसरीवरच्या त्या धर्मार्थ दवाखान्यात पाखराचाही आवाज नव्हता. बाबा आता फकीर. त्याआधी चाळीस वर्षं कंपाउंडर. पाऱ्यावर रक्तदाब कसा मोजायचा, हे हेरंबला शिकवलं ते त्यांनीच.

“शंभर माणसं मोजली,” हेरंब म्हणाला. “प्रत्येकाला आधी नव्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर, मग पाऱ्याच्या. दोघांतला फरक दोन पॉइंटच्या वर एकदासुद्धा गेला नाही.”

“एकदासुद्धा नाही?”

“नाही.”

“माझ्या दोन हातांचं आपसात एवढं पटत नाही रे, बेटा.”

हेरंब हसला. बाबा हसले नाहीत.

“नव्याचा आकडा कोण बघायचं?”

“मीच.”

“आणि पाऱ्यावर ठोके कोण ऐकायचं?”

“मीच की.”

बाबांनी पायरीकडे पाहिलं...

पायरीवर शंभरावी पेशंट, सुगंधा, गाडीची वाट बघत बसली होती. आठवा महिना. पाय सुजलेले, ठणकत्या कपाळाला घट्ट फडकं बांधलेलं. दोन्ही यंत्रांनी सगळं ठीक सांगितलं, म्हणून हेरंबने तिला नुकतंच घरी जायला सांगितलं होतं. तिचं गाव घाटापलीकडे, तीन तासांवर.

बाबांनी हेरंबची स्टेथोस्कोपची नळी मांडीवर घेतली. तिची चकती काढली, कफनीच्या टोकाने सावकाश पुसली, परत बसवली. मग आपली बाही वर सारली.

“एकशे एकावा मी.”

नव्या यंत्रावर वरचा आकडा उमटला. एकशे चौतीस.

हेरंबने पाऱ्याच्या यंत्राचा पट्टा बांधला, नळी कानात घातली, पारा चढवला आणि हळूहळू उतरवू लागला. कुठूनतरी हिन्याचा वास आला...

एकशे चाळीस. शांत.

एकशे छत्तीस. शांत.

मग ठोका. स्पष्ट. त्यामागून दुसरा.

“एकशे चौतीस!” तो म्हणाला. “बघा, जुळलं.”

बाबांनी नळीची चकती ओढून काढली. करंगळीच्या नखाने नळीतून काहीतरी उकरून तळहातावर धरलं.

अत्तराचा फाया. गच्च वळलेला. सकाळी तो बाबांच्या कानात होता.

हेरंब त्या फायाकडे बघत राहिला. नळी अजून त्याच्या कानातच होती. तिचं दुसरं टोक हवेत लोंबत होतं.

ठोके येतच होते.

“बाबा...” त्याने कानातली नळी चाचपली. “हे... हे कुणाचे?”

खाली वळणावर गाडीचा हॉर्न वाजला. सुगंधा खांबाला धरून उठली.

बाबांनी त्याच्या कानातली नळी हलक्या हाताने काढली.

“आधी तिला थांबव, बेटा. नळी तर बंद होती; नवा आकडा आधी बघितलास, तोच तुझ्या मनाने ऐकला. या वेळी पारा मी बघतो... तू डोळे मिटून ऐक.”