तळाशी राहिलेलं चित्र

फार फार वर्षांपूर्वी, शेतांना कुंपणं नव्हती आणि पिकं गोफणीच्या जोरावर राखली जायची, त्या काळातली ही गोष्ट.

एका डोंगराच्या पायथ्याशी राही नावाची बाई राहत होती. जोंधळ्याच्या शेतात उंच माळ्यावर उभं राहून पाखरं हाकणं, हे तिचं काम. तिच्यासारखी गोफण त्या मुलखात कोणालाच फिरवता येत नसे. कणसाला धक्का न लावता कणसावरचं पाखरू ती उडवून लावी.

दरवर्षी जत्रेत गोफणीची स्पर्धा होई. ओढ्यापलीकडे बांबूंवर पाच मडकी ठेवलेली असत. अलीकडून दगड मारून ती फोडायची. राहीनं लागोपाठ पाच वर्षं पाचही मडकी फोडली. बायका तिची ओटी भरत, आपली लेकरं तिच्या पायांवर घालत आणि म्हणत, "हिच्यासारखी नजर मिळू दे ग बाई माझ्या पोराला."

त्या मुलखात बातमी फिरायची ती चित्रवाल्याच्या झोळीतून. तो गावोगाव जाई, पारावर बसे, एकेक चित्र उभं धरी आणि त्याची हकिकत सांगे. लोक त्याच्या सुपात पसाभर जोंधळे टाकत. राहीची सात चित्रं त्यानं काढली होती. माळ्यावरची राही, मडकी फोडणारी राही, ससाण्याच्या पंजातून कोंबडीचं पिल्लू सोडवणारी राही.

सहाव्या वर्षी जत्रेला महिना राहिला असताना राहीचं तान्हं मूल तापानं गेलं. ती म्हणाली, "यंदा मला नाही जमायचं." पण मान गावाचा होता. गावानं तिला उभं केलं.

तिचा पहिला दगड चुकला. दुसराही चुकला. लोक हसू लागले.

"काय ग राही, डोळ्यांत फूल पडलं का?"

"अहो, पाच वर्षं मडकी वाऱ्यानंच पडत असतील!"

राही गर्रकन वळली आणि तिसरा दगड तिनं हसणाऱ्यांच्या दिशेनं सोडला. तो लागला कडेला मडकी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या कुंभाराच्या खांद्याला. तो बिचारा तर हसलाही नव्हता.

चूक राहीची होती आणि ती तिनं नाकारली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती कुंभाराच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "बाबा, तुमचा खांदा बरा होईपर्यंत माती मी तुडवीन." महिनाभर तिनं माती तुडवली, पाणी भरलं, खांद्याला हळदीचा लेप लावला.

चित्रवाल्यानं या दोन्ही गोष्टी काढल्या. आठवं चित्र दगड मारणाऱ्या राहीचं. नववं माती तुडवणाऱ्या राहीचं.

पण पारापारावर एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. आठवं चित्र निघालं की सूप भरे. नववं निघेपर्यंत लोक धोतर झटकत उठलेले असत. मग तो आठव्यावरच थांबू लागला. पुढे पुढे तर लोक आल्या आल्या म्हणत, "बाकीचं राहू दे, ते दगडाचं दाखव." मग तो तेवढंच दाखवू लागला.

रोज हाताळून चित्र झिजे, आणि झिजलं की तो त्यावर नवा रंग देई. दर वेळी राहीचे डोळे थोडे मोठे होत, दात थोडे पुढे येत. कुंभाराच्या खांद्यावरची जखम डोक्यावर गेली. एकदा कोपऱ्यातला रंग फारच उडाला, तेव्हा तिथे त्यानं एक रडणारं लेकरू काढलं.

दोन वर्षांत राहीला जवळच्या गावांत काम मिळेना. तिला दुसरं काही येत नव्हतं. गोफण कमरेला खोवून ती लांबच्या एका गावी गेली. तिथे पारावर तिचंच चित्र उभं होतं. ती मागे जाऊन उभी राहिली.

शेजारची बाई कडेवरचं मूल सावरत म्हणाली, "बघ बाई, कसली कजाग आहे!"

"कोण आहे ही?" राहीनं विचारलं.

"राही. लहान लेकरालासुद्धा सोडलं नाही म्हणे."

"तुम्ही पाहिलंय तिला?"

"पाहायला कशाला हवं? चित्रात आहे की!"

चित्रवाला उठून पुढच्या गावी गेला. राही पाटलापुढे उभी राहिली. "राखणीला माणूस हवाय, असं ऐकलं."

"हवाय ना. नाव काय तुझं?"

तिनं नाव सांगितलं. त्या बाईनं मुलाला पदराखाली घेतलं आणि ती दोन पावलं मागे सरली.

राहीनं ते पाहिलं. पाटलाच्या उत्तरासाठी ती थांबली नाही.

त्या गावानं दुसरा राखणदार ठेवला. त्याचे दगड कणसांनाच लागत. वर पोपटांनी खाल्लं ते वेगळंच. अर्धं पीक गेलं.

पुढच्या हंगामात म्हातारा कुंभार मडकी विकायला त्याच गावी आला. पारावर चित्रवाला बसला होता. कुंभार चित्राजवळ गेला आणि डोळे बारीक करून पाहू लागला.

"हा डोकं फुटलेला कोण?"

"तो कुंभार, बाबा. मेला बिचारा," कोणीतरी सांगितलं.

"मेला? अरे, मग ही मडकी कोण विकतंय? दगड लागला तो इथे, खांद्याला. आणि हे लेकरू कोणाचं? तिथे लेकरू नव्हतं. एकच लेकरू होतं, तिचं. ते जत्रेच्या महिनाभर आधीच गेलं होतं."

पारावरचे लोक चित्रवाल्याकडे पाहू लागले.

कुंभार चित्रवाल्याला म्हणाला, "तिनं माझी माती तुडवली, ते नाही काढलंस?"

चित्रवाल्यानं झोळीच्या तळातून नववं चित्र काढलं. आठवं चित्र ठिगळं लावून जाड झालं होतं. नवव्याचे रंग मात्र कालच भरल्यासारखे होते, कारण त्याला कोणाचा हातच लागला नव्हता.

मूल कडेवर घेतलेली बाई रागानं म्हणाली, "हे आधी का नाही दाखवलंस रे?"

"दाखवलं होतं, बाई," चित्रवाला म्हणाला. "तुम्ही उठून गेलात. आणि मलाही भरलेलं सूप आवडलं."

गावकरी राहीला बोलवायला गेले. ती कुंभाराच्या अंगणात माती तुडवत होती. तिनं त्यांना पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"माझा राग नाही," ती म्हणाली. "पण आता दगड उचलला की मलाच ते चित्र दिसतं. हात उठत नाही."

त्या मुलखात पुन्हा तशी गोफण कोणी फिरवली नाही. चित्रवाला पुढे दोन्ही चित्रं एकत्र बांधून फिरला. सूप पूर्वीसारखं कधी भरलं नाही. पण ती मूल घेतलेली बाई दर वेळी नववं चित्र निघेपर्यंत जागची हलत नसे, आणि शेजारणीलाही हात धरून खाली बसवी.

बोध: माणसाची एकच चूक पुन्हा पुन्हा पाहायला मागणाराही त्याच्या चित्रात काळा रंग भरत असतो.