घराची खूण

एकदा एक व्यापारी होता. घरी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना खाटा, चाकाच्या खुर्च्या, प्राणवायूची यंत्रे भाड्याने देणे हा त्याचा व्यवसाय. या व्यवसायात माल दुय्यम. कोणाच्या घरी आज फोन करावा आणि कोणाच्या घरी चुकूनही करू नये, हे ठाऊक असणे हेच खरे भांडवल. ते सारे एका जुन्या संगणक-प्रणालीत साठले होते. व्यापाऱ्याने हौसेने नवी प्रणाली घेतली, ग्राहकांना आपण होऊन फोन करणारी. जुनीतली माहिती नवीत नेऊन देतो म्हणत तीन बाहेरच्या कंपन्या आपापली सॉफ्टवेअरे घेऊन दारात उभ्या राहिल्या.

तिघांची तुलना करून एक निवडायचे काम व्यापाऱ्याच्या पदरी असलेल्या एका तरुणाकडे आले. काम फत्ते झाले तर साऱ्या शाखा त्याच्या हाती येणार होत्या. तो तुलनेचा तक्ता घेऊन आपल्या गुरूंकडे गेला. या निवृत्त प्राध्यापकांनी त्याला एक पैसा न घेता घरी संगणक शिकवला होता, आणि त्यांच्या पत्नीने त्याला उपाशीपोटी कधी परत पाठवले नव्हते. आता त्या हयात नव्हत्या. शेवटचे दिवस त्यांनी याच व्यापाऱ्याच्या खाटेवर काढले होते.

गुरूंनी तक्ता वाचला. वेग, खर्च, चुका, सफाई, सगळ्याला गुण होते.

"छान आहे. पण आधी तिघांकडून एकच नाव नेऊन बघ. तुझ्या काकूंचे. आणि नेलेले स्वतः वाच."

शिष्याला वाईट वाटले. सर अजून त्या दुःखातून बाहेर आलेले नाहीत, असे त्याच्या मनात आले. "सर, एका नावावरून काय कळणार? मी हजारो नावे तपासतोय."

"बरं," म्हणून त्यांनी वर्तमानपत्र उघडले.

शिष्याने सर्वांत स्वच्छ काम करणारे सॉफ्टवेअर निवडले. पत्त्याच्या रकान्यांत जे पत्ता नाही ते पुसून टाकणे आणि पुढे नव्या प्रणालीतही तसले काही लिहू न देणे, ही त्याची ख्याती. त्या गुणासाठी शिष्याने त्याला पैकीच्या पैकी गुण दिले होते. माहिती निर्विघ्न पलीकडे गेली, जुनी प्रणाली कायमची पुसली गेली, व्यापाऱ्याने पेढे वाटले आणि नव्या प्रणालीने फोन करायला सुरुवात केली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी गुरू दुकानात आले आणि थेट शिष्यासमोर बसले.

"एक खाट हवी आहे. कुमुदिनी आठल्ये यांच्यासाठी."

शिष्य पुढे झुकला. काउंटरवरची माणसे एकमेकांकडे बघू लागली. "सर, असं काय करताय? काकू तर..."

"तू नाव तर घाल."

त्याने नाव घातले. पडद्यावर उमटले : जुन्या, विश्वासू ग्राहक, घरपोच सेवा, विशेष सवलत.

"सर, काकू गेल्या," तो हलकेच म्हणाला. "मी होतो की तेव्हा!"

"तुला ठाऊक आहे. मग काल संध्याकाळी मला फोन कसा आला? 'कुमुदिनीताई, तब्येत कशी आहे? खाट बदलून हवी का?' आवाज फार गोड होता रे. क्षणभर मीच आतल्या खोलीकडे वळलो, तिला हाक मारायला."

गुरूंचा आवाज चढला नाही, पण त्यातला कडूपणा लपत नव्हता.

"जुन्या प्रणालीत माणूस गेल्याची नोंद करायला जागाच नव्हती. म्हणून तुमच्या काउंटरवरच्या मुली ती 'घराची खूण' या रकान्यात लिहायच्या. का? तर तेवढे एकच गाडीवाला नक्की वाचतो. खाट परत न्यायला आलेल्या पोराने मला ते दाखवले होते : 'बाई गेल्या. फोन करू नये. गाडी दारात आली की हॉर्न वाजवू नये.' तो इंजिन बंद करून गाडी ढकलत आत आला होता. तुझ्या तिन्ही सॉफ्टवेअरांना तो कचरा वाटला असता. त्यांचा दोष नाही. जे गाळले गेले ते तू गाळण्यालाच गुण दिलेस म्हणून. कोण किती झपाट्याने नेतो ते तू मोजलेस. काय न्यायचे आहे ते एकदाही वाचले नाहीस."

शिष्य धावत व्यापाऱ्याकडे गेला. "शेठ, फोन थांबवा! जिथे माणूस गेलंय तिथेही फोन जातायत."

व्यापाऱ्याने मान वर केली नाही. "चार चुकीच्या घरी फोन जायचेच. मागणी बघ केवढी वाढलीय! शाखांची जबाबदारी उद्यापासून तुझी."

ज्यासाठी त्याने जिवाचे रान केले होते ते त्याच्या पदरात पडले, आणि त्याची त्याला किळस आली. तो परत येऊन बसला. निदान एक घर तरी सुधारावे म्हणून त्याने काकूंचे नाव उघडले, 'घराची खूण' शोधली आणि लिहिले : बाई गेल्या. हॉर्न वाजवू नये.

रकाना लाल झाला. खाली अक्षरे आली : हा पत्ता नाही. कृपया योग्य खूण लिहा.

गुरूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "यालाच तू पैकीच्या पैकी गुण दिले होतेस ना?"

शेजारच्या यंत्रावरून पुढचा फोन लागला होता. तिकडे कोणीतरी घाईघाईने "हॅलो" म्हणाले, आणि तो गोड आवाज तब्येतीची चौकशी करू लागला.